निळा ड्रम कुठून आला, हे कोणी विचारेल का?

बारडोली (प्रतिनिधी) : साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बारडोली, मढी, चलथाण, महुवा या पट्ट्यात चित्र ठरलेले असते. रस्त्याला उसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागते. शेताच्या कडेला धुळे, नंदुरबार, डांगकडून आलेल्या कोयत्यांचे पडाव पडतात. आणि प्रत्येक पडावावर, झोपडीच्या तोंडाशी, एक तरी निळा प्लॅस्टिकचा ड्रम उभा असतो. त्यात पाणी असते. काही ठिकाणी, जरा आडोशाला, पाण्याऐवजी गूळ आंबत असतो.

पोलिसांचा छापा पडतो तो त्या आडोशाच्या ड्रमवर. दुसऱ्या दिवशी बातमी येते : इतके लिटर वॉश, इतके लिटर देशी दारू, इतक्या रुपयांचा मुद्देमाल, आरोपी फरार. मी स्वतः अशा कितीतरी बातम्या दिल्या आहेत. पण त्यातल्या एकाही बातमीत मी एक साधी गोष्ट लिहिली नाही, कारण मी कधी विचारलीच नाही. तो ड्रम तिथे आला कुठून? आणि त्यात त्याआधी काय होते?

गरज सगळ्यांची, ड्रम एकच

आमच्या भागात जुना ड्रम मिळवणे ही काही अवघड गोष्ट नाही. सुरतच्या कापड धंद्याला रंग लागतात, ॲसिड लागते, कॉस्टिक, पेरॉक्साइड लागते. पांडेसरा, सचिन, पलसाणा, कडोदरा या भागात प्रोसेस हाउस आणि छोटेमोठे कारखाने भरपूर. माल ड्रममध्ये आणि कारब्यात येतो. ड्रम रिकामा झाला की तो भंगारात जातो. भंगारवाला वरवर धुऊन, लेबल खरवडून दुकानासमोर रचून ठेवतो. घ्यायला कोण येते? शेतकरी येतो, गोठेवाला येतो, बांधकामाचा ठेकेदार येतो, मुकादम येतो. दारू गाळणाराही येतो. सगळ्यांना तोच ड्रम, तोच भाव.

माझाच अनुभव सांगतो. एका उन्हाळ्यात घरी पाण्याची टंचाई झाली, म्हणून मी असाच एक ड्रम आणला. विचारले तर भंगारवाला म्हणाला, "साहेब, एमां कंई नथी, साबूनो छे." म्हणजे काही नाही, साबणाचा आहे. सोड्याने धुतला, लिंबू घासले, चार दिवस उन्हात उलटा ठेवला. ओला होता तोवर ठीक वाटे. दुपारी तापला की वास परत येई. शेवटी बायको म्हणाली, "अहो, हे पाणी मी झाडांनासुद्धा घालणार नाही." ड्रम भंगारात परत गेला. तिथून तो कोणाच्या घरी गेला, मला माहीत नाही. तेव्हा विचारही केला नाही. आता येतो.

धुतला म्हणून स्वच्छ होत नाही

हे ड्रम बहुतेक एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. तळाशी त्रिकोणात २ आकडा असतो. बरेच जण तो आकडा दाखवून सांगतात, "हा फूड ग्रेड आहे." हा गैरसमज आहे. २ आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. दुधाची बरणी, शाम्पूची बाटली आणि कीटकनाशकाचा डबा, तिन्ही त्याच जातीचे असू शकतात. ड्रमच्या पोटात आधी काय होते, ते आकडा सांगत नाही.

दुसरी गोष्ट. हे प्लॅस्टिक काचेसारखे बंद नसते. तेलकट रसायने, सॉल्व्हंट, औषधांतली द्रव्ये त्याच्या अंगात थोडीथोडी मुरतात. लोणच्याचा प्लॅस्टिकचा डबा कितीही घासला तरी वास राहतो, तसेच. पाण्याने पृष्ठभाग धुतला जातो, मुरलेले तसेच राहते. मग त्यात आंबट, अल्कोहोल असलेला द्रव दिवसचे दिवस ठेवला, वर ऊन लागले, की ते मुरलेले हळूहळू बाहेर येऊ लागते. गुळाच्या सडव्यात आंबटपणाही असतो आणि अल्कोहोलही. साध्या पाण्यापेक्षा तो ड्रमला जास्त खरवडतो. शिवाय घासून घासून आतून चरे पडलेले असतात, त्यात जंतू बसतात. गाळलेली गरम दारू थेट प्लॅस्टिकच्या कारब्यात ओतली तर आणखी वाईट.

ज्या देशांत घरी बिअर करायला परवानगी आहे, तिथे ही गोष्ट नवशिक्यालाही माहीत असते. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची लायसन्सची अट काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि १९७९ पासून घरच्या वापरापुरती बिअर करायला केंद्रीय मोकळीक मिळाली. तिथले हौशी लोकसुद्धा प्लॅस्टिकच्या बादल्याच वापरतात. पण अन्नासाठी बनवलेल्या. हॉटेलातून आणलेली लोणच्याची बादलीसुद्धा नको म्हणतात, कारण वास बिअरमध्ये उतरतो. रसायनाच्या ड्रमचा तर प्रश्नच येत नाही.

आपल्याकडेही पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी सुरू झाल्या. तिथे स्टीलच्या टाक्या असतात, कारण तिथे लायसन्स आहे आणि तपासायला येणारा माणूस आहे. इथे मी दारूबंदी उठवा असे म्हणत नाही. एवढेच सांगतो की, जिथे धंदा उघड असतो तिथे भांडे दिसते. जिथे धंदा झाडीत असतो तिथे भांडे कोणालाच दिसत नाही, आणि पिणाऱ्याला तर अजिबात दिसत नाही. त्याच्या हातात फक्त पोटली येते.

कायदा एक, राज्ये दोन

सीमेपलीकडच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. गुजरात आणि महाराष्ट्र, दोघांचा मूळ कायदा एकच : १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली. महाराष्ट्राने त्याच कायद्याखाली परवाने दिले, गुजरातने बंदी कायम ठेवली. म्हणून नवापूरला दारूचे दुकान कायदेशीर आणि तिथून थोडे पुढे उच्छलला बाटली सापडली की केस. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात तर एकाच फलाटावर दोन राज्ये आहेत.

या कायद्याच्या कलम ६५ मध्ये नुसती दारू करणेच नाही, तर दारू करण्यासाठी भांडी, साहित्य, यंत्र बाळगणे हाही गुन्हा आहे. कलम ९८ प्रमाणे दारूसोबत तिची भांडी, पिंपे, आवरणेही जप्त होऊ शकतात. गुजरातने २०१७ मध्ये शिक्षा वाढवली. दारू बनवणे, विकणे, वाहून नेणे यासाठी १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. २००९ मध्ये अहमदाबादच्या लठ्ठाकांडात १३० हून अधिक माणसे गेली, त्यानंतर विषारी दारूने मृत्यू झाल्यास फाशीपर्यंतची तरतूद आली.

म्हणजे कायद्याला ड्रम दिसतो. पण कसा? पुरावा म्हणून. मोजायला आणि फोडायला. ड्रम विषारी कचरा असू शकतो, ही गोष्ट दारूबंदीच्या पंचनाम्यात येत नाही. ती दुसऱ्या कायद्यात आहे, आणि दोन्ही कायद्यांची ओळख नाही.

घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत घातक रसायने लागलेले रिकामे पिंप आणि डबे हा स्पष्टपणे घातक कचरा म्हणून नोंदलेला आहे. कारखान्याने तो साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, मान्यता असलेल्याकडेच द्यायचा, आणि पाठवताना कागद करायचा. शेतीच्या औषधांसाठी १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात की वापरलेले डबे पुन्हा वापरले जातील असे बाहेर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या प्लॅस्टिकसाठी तर २०१८ चे वेगळे पॅकेजिंग नियम आणि भारतीय मानकेही आहेत.

नियमांची कमी नाही. पण मोठ्या कारखान्याच्या गेटपर्यंत कागद टिकतो. ज्या छोट्या युनिटला महिन्याला चार-पाच ड्रम लागतात, किंवा जो शेतकरी औषधाचा कॅन बांधावर टाकतो, तिथे कागद संपतो आणि भंगाराची गाडी सुरू होते.

मडक्यापासून ड्रमपर्यंत

या भागात दारू गाळणे नवीन नाही. आदिवासी घरात मोहाची फुले मातीच्या मडक्यात भिजत. मडके कुंभाराकडून नवे यायचे. त्यात आधी कोणाचे ॲसिड नसायचे. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्टी बंद केली आणि दारू ठेकेदाराच्या हातात दिली. त्यानंतर १९२२ मध्ये याच दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत सलाबाई देवीची लाट आली. दारू-ताडी सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा, असा निरोप गावोगाव फिरला आणि हजारोंनी दारू सोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी त्यावर आख्खे पुस्तक लिहिले आहे. तेव्हा कोणी पोलीस पाठवले नव्हते. माणसांनी स्वतः ठरवले होते, ठेकेदाराला पैसा द्यायचा नाही.

ते दिवस गेले. १९५५ मध्ये बारडोलीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आजूबाजूला आणखी उभे राहिले, ऊस वाढला. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात इथल्या ऊसतोड मजुरांवर लिहिले, तेव्हा त्यांना खानदेशातून उचल देऊन आणलेली माणसे, रात्री-अपरात्री तोड आणि उघड्यावरचे पडाव दिसले. आज जाऊन पाहा, मोबाइल आणि ताडपत्री सोडली तर फार फरक दिसणार नाही. फरक एकच ठळक : मडक्याची जागा ड्रमने घेतली. मडके फुटते, जड असते. ड्रम हलका, झाकणाचा, ट्रॅक्टरमध्ये बसतो आणि स्वस्त. मजुराने तो निवडला यात त्याचा मूर्खपणा नाही. त्याला दुसरे काही परवडत नाही.

नंदुरबारकडच्या एका कोयतेवाल्याला मी विचारले, "दादा, हा ड्रम कुठला?" तो म्हणाला, "मुकादमनं दिला भाऊ. मागच्या साली पण हाच होता." पाण्याचा होता तो. पोरे त्यातूनच पीत होती.

लठ्ठा ड्रममधून येत नाही, पण वाट तीच

इथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे, नाहीतर घोटाळा होईल. मोठ्या लठ्ठाकांडात माणसे मेली ती मिथेनॉलने. गूळ किंवा मोह आंबवून जे तयार होते त्यात मिथेनॉल जीव घेण्याइतके नसते. ते कारखान्यातले रसायन आहे आणि ते कोणीतरी मुद्दाम मिसळतो किंवा सरळ पाणी घालून विकतो, कारण भट्टी लावण्यापेक्षा ते सोपे आणि स्वस्त पडते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत १०० हून अधिक जण गेले. २०१६ मध्ये आमच्याच रस्त्यावर, कडोदऱ्याजवळच्या वरेली गावात, कामगार वस्तीत डझनाहून अधिक गेले. जुलै २०२२ मध्ये बोटादच्या रोजिद आणि आसपासच्या गावांत ४० हून अधिक. तिथले मिथेनॉल अहमदाबादच्या एका गोदामातून पळवलेले होते, हे तपासात पुढे आले.

ड्रमचे विष हळू आहे, मिथेनॉलचे एका रात्रीचे. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही. पण दोन्ही येतात एकाच वाटेने, कारखान्याच्या मागच्या दाराने. ज्या दारातून रिकामा ड्रम विनाकागद बाहेर पडतो, त्याच दारातून भरलेला कारबाही पडू शकतो. मागच्या दाराला कुलूप नसेल तर झाडीतल्या भट्ट्या कितीही फोडा, माल येतच राहणार.

आणि एक, वाचकांनी लक्षात ठेवावे असे. मिथेनॉलचा त्रास लगेच होत नाही. बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो. डोळ्यांपुढे धूसर, पोटात कळा, श्वास जड. यावर उपचार आहेत, डायलिसिसही आहे, पण वेळेत पोचले तर. गुजरातेत पिणे हाही गुन्हा असल्याने घरचे लोक लपवतात, "अपचन झालं" म्हणून सांगतात, आणि तेवढ्यात डोळे किंवा जीव जातो. केस झाली तर जामीन मिळतो. डॉक्टरला खरे सांगा.

हिशेबाच्या वहीतला उपाय

मी कॉमर्सचा माणूस. बी. कॉम.ला आम्हाला एक प्रकरण होते, पॅकेजेस आणि एम्प्टीज, म्हणजे रिकाम्या डब्यांचा हिशेब. माल विकताना डब्याची किंमत वेगळी लावायची, ती मुद्दाम जास्त धरायची, आणि डबा परत आला की पैसे परत द्यायचे. तेव्हा आम्ही मार्कांसाठी ते पाठ केले. आज वाटते, सगळ्या भानगडीवरचा अर्धा उपाय त्या प्रकरणातच आहे.

गॅसचा सिलिंडर कोणी भंगारात घालतो का? नाही, कारण त्याची अनामत भरलेली असते आणि त्यावर नंबर असतो. तामिळनाडूत नीलगिरीमध्ये २०२२ पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेऊन बाटली परत केल्यावर ते परत देण्याची पद्धत सुरू झाली, कारण जंगलात काचांचा खच पडत होता. मग रसायनाच्या ड्रमला हे का नाही? समजा, भंगारवाला ड्रमचे ५०० रुपये देतो आणि अनामत ८०० ची आहे. कोणता शहाणा कारखानदार तो भंगारात देईल? भावाचा खेळ आहे, भावानेच सुटेल. अट एकच, अनामत भंगाराच्या भावापेक्षा जास्त पाहिजे.

दुसरे काम पोलिसांचे. छाप्यात वॉशचे लिटर मोजतात, तसे ड्रमवरचे लेबल, नंबर, कंपनीचा शिक्का यांचा फोटो पंचनाम्यात लावायला किती वेळ लागतो? त्यातून माग मागच्या दारापर्यंत जातो. आणि वॉश ओतून झाला की ड्रम नुसता आडवा पाडून सोडायचा नाही, कापायचा. न कापलेला ड्रम पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहतो, दारूसाठी नाही तर पाण्यासाठी.

तिसरे काम साखर कारखान्यांचे. ऊस त्यांचा, मुकादम त्यांच्या खात्यातून पैसे उचलतो. पडावावर पिण्याच्या पाण्यासाठी अन्नयोग्य टाकी द्यायची, एवढे तरी सभासदांच्या सर्वसाधारण सभेत कोणी मांडावे. कारखान्याच्या उलाढालीत हा खर्च कुठे दिसणारही नाही.

तोवर घरी काय करायचे

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर ज्याच्या घरी, शेतावर, पडावावर जुना ड्रम आहे त्याने एवढे पाहावे. लेबल खरवडलेले असेल तर समजा की लपवण्यासारखे काहीतरी होते. चौकोन कोनावर उभा करून काढलेले लाल, पिवळे, निळे किंवा हिरवे चिन्ह म्हणजे शेतीचे औषध, लाल सर्वांत जहाल. कवटीचे चिन्ह असेल तर हातही लावू नका. उन्हात तापल्यावर झाकण उघडून वास घ्या. थोडा जरी आला, तर तो ड्रम पाण्याला नाही, धान्याला नाही, जनावराच्या पेंडीलाही नाही. वास आला नाही म्हणून ड्रम चांगला ठरत नाही, कारण सगळ्या रसायनांना वास नसतो. नवा, अन्नासाठीचा ड्रम महाग पडतो हे खरे. चार घरांनी मिळून एक घ्या, पण घ्या.

गुजरात सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत दारूला ठरावीक सवलत दिली, तेव्हा दारूबंदी ठेवावी की काढावी यावर वाद झाले. महाराष्ट्रातही चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये गेली. हे वाद चालू राहतील, त्यांना दोन्ही बाजू आहेत. ड्रमला मात्र दोन बाजू नाहीत. दारू चालू असो की बंद, ॲसिडच्या पिंपातून कोणी काही पिऊ नये, यावर बारडोलीत आणि नंदुरबारात मतभेद असण्याचे कारण नाही.

पुढच्या वेळी छाप्याची बातमी देताना मी पोलीस ठाण्यात एक प्रश्न जास्त विचारणार आहे. लिटर किती ते सांगा, पण साहेब, ड्रम कुठल्या कंपनीचा होता?